घोरणं आणि ओलं अंथरूण : लेकीच्या उपचाराचा आमचा अनुभव

मूल झोपेत शू करतं म्हणून आपण बालरोगतज्ज्ञांकडे जातो, तेव्हा ते रात्री घोरतं हे सांगायचं आपल्या डोक्यातही येत नाही. सर्दी आणि टॉन्सिलसाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा अंथरुणाचा विषय काढत नाही. तो घरातला, चारचौघांत न बोलायचा. आमच्या घरीही या दोन तक्रारी बराच काळ दोन वेगळ्या फायलींमध्ये पडून होत्या. त्या एकत्र वाचल्या गेल्या तेव्हाच लेकीच्या दुखण्याचं मूळ सापडलं. कुणाच्या तरी घरी ही दुसरी फाइल लवकर उघडली जावी, या कळकळीने हे लिहितो आहे.

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. बायको वर्ध्याला नोकरीला, सकाळच्या गाडीने जाते, त्यामुळे तिला पहाटे उठावं लागतं. म्हणून रात्री उठून चादर बदलायचं काम माझ्याकडे होतं. लेक आजीजवळ, म्हणजे माझ्या आईजवळ झोपते.

लेकीचं अंथरूण चौथ्या वर्षीच कोरडं राहू लागलं होतं. पुढे वर्ष-दीड वर्ष काहीच नाही. पहिलीत गेली, शाळेच्या पहिल्याच पावसाळ्यात सर्दी-तापाची रांग लागली, आणि त्याच सुमारास रात्रीची शू पुन्हा सुरू झाली. आधी अधूनमधून, मग आठवड्यातल्या बहुतेक रात्री. मे महिन्यात गादी गच्चीवर टाकली की दोन तासांत खडखडीत वाळते, पण श्रावणात ती चार दिवस ओलीच राहायची आणि घरभर वास. शेवटी कापसाची गादी माळ्यावर टाकली, फोमची आणली आणि तिच्यावर मेणकापड घातलं.

लेक काही बोलायची नाही. तिने स्वतःच एक रीत पाडली होती. झोपताना उशाशी घडी घातलेला टॉवेल आणि दुसरी चड्डी ठेवायची. जाग आली तर आजीला न उठवता कपडे बदलायचे, ओल्या जागेवर टॉवेल पसरायचा आणि त्यावर पुन्हा झोपायचं. उन्हाळ्यात अमरावतीला मामाकडे जायचं म्हटलं की पोट दुखतं म्हणायची. तिला कुणी रागावलं नव्हतं. तरी सात वर्षांच्या पोरीला या गोष्टीची लाज कशी वाटते, ते तिच्या त्या घडी घातलेल्या टॉवेलमध्ये दिसायचं.

नातेवाइकांचं म्हणणं एकच, मोठी झाली की थांबेल. आईने काळे तीळ आणि गुळाचे लाडू करून दिले, लेकीने आवडीने खाल्ले. त्यात मी स्वतः आठव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करत असे, ही घरातली जाहीर गोष्ट. त्यामुळे ‘बापावर गेली’ म्हणून सगळे निश्चिंत. आनुवंशिकतेचं खरंही आहे. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्क्यांच्या घरात जाते, दोघांनाही असेल तर त्याहून बरीच जास्त. पाच वर्षांच्या शंभरातल्या साधारण पंधरा मुलांचं अंथरूण ओलं होतं, आणि दरवर्षी त्यांतली साधारण १५ टक्के मुलं आपोआप बरी होतात. म्हणून थांबा म्हणणारे अगदीच चुकीचं सांगत नसतात.

पण आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारला, “मधे कोरडी होती का? किती महिने?” मी वर्षभराहून जास्त म्हटल्यावर त्या सरसावून बसल्या. जे मूल कधी कोरडं झालंच नाही त्याची गोष्ट वेगळी. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, तर त्यामागे काहीतरी घडलेलं असतं आणि ते शोधावं लागतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरात नवं बाळ, शाळेत भीती, लघवीचा संसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता, सगळं एकेक करून विचारलं. लघवी तपासली, साखर तपासली, सोनोग्राफी झाली. पाठीचा मणका बघितला, पायांची ताकद बघितली. लेक किती पाणी पिते, केव्हा पिते, किती वेळा बाथरूमला जाते, याची दोन दिवस नोंद करायला लावली. शौचाचा प्रश्न थोडा होता. आतडं भरलेलं राहिलं की ते पुढच्या मूत्राशयावर दाब देतं, म्हणून त्याची पावडर सुरू झाली. पोट साफ राहू लागलं, अंथरूण मात्र तसंच.

मग डेस्मोप्रेसिनची गोळी आली. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर जे हार्मोन सोडतं, त्यासारखंच हे औषध. ते देताना एक पथ्य डॉक्टरांनी दोनदा बजावलं. गोळीच्या एक तास आधीपासून पुढे आठ तास पाणी अगदी घोटभरच, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. गोळीने फरक पडला, पण अर्धाच. गोळी थांबवली की जैसे थे.

या सगळ्यात घोरण्याचा विषय कुठेच नव्हता. त्याला एक कारण नागपूरचं आहे. मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत आमच्या खोलीत खिडकीचा मोठा कूलर रात्रभर चालतो. त्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे पोरीचा श्वास कुठून ऐकू येणार? पावसाळ्यात घोरायची तेव्हा सर्दी आहे म्हणून सोडून दिलं. डिसेंबरात खोली शांत झाली, थंडी पडली, सर्दीही नव्हती, तरी घोरणं सुरूच. आणि आईने मला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, “पोट्टी झोपेत श्वास गिळते. काहून गिळते ते डॉक्टरले विचार एकदा.”

श्वास गिळते म्हणजे काय, ते मी त्या रात्री तिच्याजवळ बसून पाहिलं. मान मागे टाकलेली, तोंड उघडं. एवढ्या थंडीत कपाळावर आणि मानेवर घाम. घोरण्याचा आवाज चढत जायचा, आणि एकदम बंद. आवाज बंद झाला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, शांत झोपली असं वाटतं. पण तिची छाती हलतच होती. गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात होता, बरगड्या आत जात होत्या आणि पोट वर येत होतं. हवा मात्र जात नव्हती. काही क्षणांनी एक मोठा हिसका, अंग कुशीवर आणि पुन्हा घोरणं. मी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. पांघरूण बाजूला करून, छाती आणि चेहरा दोन्ही दिसेल असा. पुढच्या सगळ्या तपासण्यांमध्ये त्या व्हिडिओचा जितका उपयोग झाला तितका कशाचाच झाला नाही.

व्हिडिओ बघून बालरोगतज्ज्ञांनी लगेच धंतोलीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे तोंड उघडून टॉर्च टाकला तर टॉन्सिल दोन्ही बाजूंनी इतक्या मोठ्या की मधे पडजीभ कशीबशी मावलेली. त्यांची प्रतवारी एक ते चार अशी करतात, लेकीच्या तीन आणि चारच्या मधे. मानेचा बाजूने एक्स-रे काढला. त्यात नाकाच्या मागे, टाळूच्या वर अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढून हवेची वाट अगदी रेघेएवढी उरलेली दिसली. मुलांमध्ये साधारण दोन ते आठ या वयात या गाठी जबड्याच्या मानाने सगळ्यात मोठ्या असतात, म्हणून झोपेतला श्वासाचा अडथळाही याच वयात जास्त आढळतो.

डॉक्टरांनी मग असे प्रश्न विचारले की मला आमचं घर त्यांनी बघितलंय असं वाटू लागलं. सकाळी डोकं दुखतं का? उठवायला त्रास होतो का? घास खूप वेळ चघळत बसते का? दिवसा पेंगत नाही, उलट चिडचिड आणि चुळबूळ करते का? सगळ्याला हो. मोठी माणसं झोप मोडली की दिवसा पेंगतात, मुलं उलट जास्त उड्या मारतात. शाळेतून लक्ष देत नाही, जागेवर बसत नाही अशी तक्रार होतीच. शेवटी त्यांनी विचारलं, “आणि अंथरूण?” हा प्रश्न कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारावा याचं मला फार समाधान वाटलं.

त्या दिवशी त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. उसाच्या रसाच्या ग्लासात स्ट्रॉ घालून तिचं तोंड बोटाने दाबून ओढलं तर स्ट्रॉच्या भिंती आत चिकटतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की या मुलांचं तसंच होतं. वरची वाट बंद, आणि छाती तर खाली जोर लावून ओढतेच आहे. या ओढण्याने छातीच्या पोकळीतला दाब खूप खाली जातो. शरीरातलं रक्त जास्त प्रमाणात हृदयाकडे येतं, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. कप्पा ताणला गेला की हृदयाला वाटतं शरीरात पाणी फार झालं. मग ते एक हार्मोन सोडतं, एएनपी नावाचं, आणि ते मूत्रपिंडांना सांगतं की मीठ आणि पाणी बाहेर टाका. खरं तर पाणी फार झालेलंच नसतं. हृदय हेही हार्मोन तयार करणारं इंद्रिय आहे, हे १९८१ मध्ये अ‍ॅडॉल्फो डी बोल्ड यांच्या प्रयोगातून पुढे आलं. त्याच रसायनामुळे माझ्या लेकीची गादी ओली होते आहे, हे ऐकताना मी थक्क झालो.

एवढ्यावर थांबत नाही. रात्री लघवी कमी करणारं जे हार्मोन, ज्याची नक्कल आम्ही गोळीतून देत होतो, त्याचा प्रभावही एएनपीमुळे कमी होतो. म्हणजे एका बाजूने आम्ही गोळी देतोय आणि दुसऱ्या बाजूने तिचा स्वतःचाच श्वास ते काम उलटवतोय. गोळीचा गुण अर्धाच का आला, याचा तोवर न लागलेला अर्थ मला तिथे लागला.

तिसरी गोष्ट मेंदूची. प्रत्येक वेळी श्वास अडला की मेंदू अर्धवट जागा होतो आणि घसा मोकळा करतो. मुलाला कळतही नाही, पण झोपेचे तुकडे होतात. रात्रभर असं झालं की मेंदू थकतो आणि भरलेल्या मूत्राशयाने दिलेल्या हाकेला उठायची त्याची क्षमता उरत नाही. शिवाय श्वास अडतो तेव्हा पोटाचे स्नायू जोर करतात, तो दाब मूत्राशयावरही येतो. लघवी जास्त, जाग कमी, वरून दाब. यात मुलाच्या इच्छेचा, आळसाचा, शिस्तीचा काहीच संबंध नाही. घरोघरी ज्या मुलांना अजूनही सकाळी बोलणी बसतात, त्यांच्या आईबापांनी हे समजून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं.

शस्त्रक्रियेआधी झोपेची तपासणी करून घेऊ असं ठरलं. तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. ही सोय सगळीकडे नसते. नसेल तिथे लक्षणं, घशाची तपासणी, एक्स-रे आणि रात्रभर बोटाला लावलेला ऑक्सिमीटर यांवरूनही डॉक्टर निर्णय घेतात. आम्हाला तारीख मिळाली ती काही आठवड्यांनंतरची, तोवर नाकात स्टेरॉइडचा फवारा सुरू केला. सौम्य त्रास असेल तर काही मुलांना या फवाऱ्यानेच पुरेसा आराम पडतो. लेकीला नाक थोडं मोकळं वाटलं, एवढंच.

तपासणीच्या रात्री लेकीने आपली गोधडी आणि बाहुली सोबत घेतली. तिथल्या टेक्निशियन ताई मुलांना सरावलेल्या होत्या. आधी बाहुलीच्या डोक्याला वायर लावली, मग लेकीच्या. केसांत भांग पाडून त्या जागी पेस्ट लावायची, वर छोटी चकती. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पिंडऱ्यांवर. छातीला एक पट्टा, पोटाला एक. नाकात दोन छोटी टोकं असलेली नळी. बोटाला लाल दिव्याचा चिमटा आणि वरून चिकटपट्टी, झोपेत ओढू नये म्हणून. सुई एकही नाही. लेक सगळं निमूटपणे करून घेत होती, फक्त शेवटी मला जवळ बोलावून कानात म्हणाली, “बाबा, इथे शू झाली तर?” ताईंना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, “होऊ दे न. मला ती वेळ लिहून घ्यायची आहे, माझं कामच आहे ते.” त्या एका वाक्याने लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि ती दहा मिनिटांत झोपली.

पहाटेच्या सुमाराला मी बाजूच्या खोलीत स्क्रीन बघायला गेलो. ताईंनी तीन रेषा बोटाने दाखवल्या. एक नाकातल्या हवेची, एक छातीच्या पट्ट्याची, एक पोटाच्या पट्ट्याची. तिन्ही लाटांसारख्या वरखाली होत होत्या. मग हवेची रेष सपाट झाली. छातीची आणि पोटाची चालूच राहिली, पण एकमेकींच्या उलट, एक वर तर दुसरी खाली. खाली ऑक्सिजनचा आकडा ९७ वरून उतरत ८८ वर आला. मेंदूच्या रेषेत एकदम खळबळ झाली, हवेची रेष मोठी उसळली आणि आकडा पुन्हा वर चढला. ताई म्हणाल्या, मेंदूने श्वास घ्यायचं थांबवलं असतं तर छाती-पोटाच्या रेषाही सपाट झाल्या असत्या. इथे शरीर झगडतंय, म्हणजे अडथळा घशात आहे. मुलांमध्ये दोन श्वासांएवढा वेळ हवा अडली तरी ती नोंद मोजतात. मोठ्यांसाठी ती मर्यादा दहा सेकंदांची. असे प्रसंग पहाटेकडे, स्वप्नांच्या झोपेत जास्त होतात, कारण तेव्हा स्नायू सगळ्यात सैल असतात. शू झाली तीही पहाटेच, अशाच एका गर्दीच्या मागोमाग. ताईंनी वेळ लिहून घेतली.

अहवालात तासाला सरासरी १२ अडथळे आले. मोठ्या माणसांमध्ये तासाला पाचपर्यंत चालून जातं. मुलांमध्ये एकाहून जास्त आकडाही सामान्य मानत नाहीत आणि दहाच्या वर गेला की तीव्र म्हणतात. ऑक्सिजन एकदा ८४ पर्यंत घसरला होता.

यानंतर शस्त्रक्रिया करायची की थांबायचं, यावर घरात बोलणं झालं. बायकोच्या मनात भूल देण्याची भीती होती आणि ती रास्त होती. मी जे वाचलं ते तिच्यापुढे ठेवलं. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला क्रिस्टियन गियमिनो आणि सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मोठं, मधेच थांबणारं घोरणं आणि जोडीला दिवसा पेंगणं, अभ्यासात मागे पडणं, सकाळची डोकेदुखी यांपैकी काही असेल तर या आजाराचा संशय घ्यावा, असं त्यांनी म्हटलं होतं. त्या लक्षणांच्या यादीत नव्याने सुरू झालेलं अंथरूण ओलं होणंही होतं. इतकी वर्षं ही गोष्ट लिहिलेली आहे, आणि आपल्याकडे अजून तिळाच्या लाडवांपुढे फारसं कुणी जात नाही. दुसरा अभ्यास २०१३ चा, तोही अमेरिकेतला, पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा. लवकर टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढलेल्या मुलांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली. नुसती वाट पाहिलेल्यांमध्येही ४६ टक्क्यांची सामान्य आली. म्हणजे थांबूनही काही मुलं सुधारतात. पण आमच्या लेकीचा आकडा वरचा होता, ऑक्सिजन घसरत होता. डॉक्टरांनी थांबू नका म्हटलं.

अंथरुणाबद्दल मात्र त्यांनी खात्री दिली नाही, आणि ते मला आवडलं. शस्त्रक्रिया श्वासासाठी आहे, असं ते म्हणाले. श्वासाचा अडथळा असलेल्या ज्या मुलांचं अंथरूण ओलं होतं, त्यांतल्या निम्म्या किंवा थोड्या अधिक मुलांचा तो त्रास शस्त्रक्रियेनंतर जातो. बाकीच्यांचा कमी होतो किंवा राहतो, आणि मग त्यासाठी वेगळे उपाय करावे लागतात.

शस्त्रक्रियेची तयारी सगळीकडे असते तशीच. रक्ताच्या तपासण्या, रक्त गोठण्याची वेळ, भूलतज्ज्ञांची भेट, आधीचे सहा तास उपाशी. आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत तासाभराहून थोडं जास्त. श्वासाचा त्रास असलेल्या मुलांवर पहिली रात्र नजर ठेवावी लागते म्हणून दवाखान्यातच राहिलो, ऑक्सिमीटर लावलेलाच होता.

घरी आल्यावरचे दिवस सांगायला हवेत, कारण याबद्दल कुणी नीट सांगत नाही. पहिले दोन दिवस बरे जातात आणि मग दुखणं वाढतं. टॉन्सिल होत्या तिथे पांढरा थर येतो. तो पू नसतो, जखम भरताना येणारं आवरण असतं. तोंडाला घाण वास येतो. कान दुखतात, कारण घशाची आणि कानाची दुखण्याची नस एकच. आवाज नाकातून येतो. दुखण्याचं औषध मूल मागेल तेव्हा नव्हे, घड्याळ लावून द्यायचं, रात्री उठवूनसुद्धा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. घसा कोरडा पडला की दुखणं दुप्पट होतं आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. आम्ही थंड दूध, साबुदाण्याची गार खीर, ताकातला मऊ भात, आइस्क्रीम असं आलटून पालटून दिलं. चिवडा, पापड, टोस्ट, तिखट पूर्ण बंद. आजीने वरणात मिरची घातली नाही, आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तो पांढरा थर सुटतो, तेव्हा रक्त येऊ शकतं. डॉक्टरांनी एक खूण सांगून ठेवली होती. मूल झोपेत पुन्हा पुन्हा आवंढा गिळत असेल तर दिवा लावून घसा बघा, लाल दिसलं तर क्षणही न थांबता दवाखाना गाठा. मी त्या रात्री जागून काढल्या. तसं काही झालं नाही.

पहिला आठवडा घोरणं होतंच, सुजेमुळे. तेव्हा बायको घाबरली होती. सूज उतरली तशी खोली शांत झाली. तोंड मिटून झोपलेली लेक आम्ही कितीतरी काळाने पाहिली. अंथरूण एका रात्रीत कोरडं झालं नाही. आधी आठवड्यातल्या बहुतेक रात्रींवरून दोन-तीनवर आलं, मग एखाद्या रात्री, मग फक्त सर्दी असेल तेव्हा. डेस्मोप्रेसिन पुन्हा द्यावं लागलं नाही. पोटाची पावडर आणि झोपण्याआधी बाथरूमला जायची सवय मात्र आम्ही सोडली नाही. सकाळची डोकेदुखी गेली. हाक न मारता उठू लागली, आणि जेवण वीस मिनिटांत उरकू लागली. त्या उन्हाळ्यात ती अमरावतीला मामाकडे गेली, मामेभावंडांसोबत गच्चीवर एकाच लांब सतरंजीवर झोपली, आणि चार दिवसांनी घ्यायला गेलो तर यायला तयार नव्हती. शाळेतलं लक्ष मात्र जादूने सुधारलं असं मी म्हणणार नाही. चिडचिड कमी झाली, बसते थोडी जास्त, गणिताची कटकट आहे तशीच आहे.

काही महिन्यांनी पुन्हा झोपेची तपासणी केली. आकडा एकच्या खाली आला होता. तरी डॉक्टरांनी आम्हाला मोकळं सोडलेलं नाही. अ‍ॅडेनॉइडची गाठ काही मुलांमध्ये पुन्हा थोडी वाढू शकते, नाकाच्या अ‍ॅलर्जीने श्वास पुन्हा अडू शकतो आणि वजन वाढलं तर घशाभोवतीची चरबीही वाट अरुंद करते. म्हणून घोरणं परत सुरू झालं की लगेच यायचं, असं ठरलं आहे. वारा सुटून धूळ उडायला लागते त्या दिवसांत नाकाचा फवारा काही आठवडे चालू ठेवतो.

आमच्या कार्यालयात मी हे एकदा जेवणाच्या सुट्टीत मोकळेपणाने सांगितलं, तर दोन घरं निघाली. एकाच्या मुलाला घोरण्याचा काही त्रासच नव्हता, त्याचं मूळ बद्धकोष्ठतेत निघालं आणि तेवढ्या उपचाराने भागलं. दुसऱ्या सहकाऱ्याचा मुलगा नऊ वर्षांचा, अंगाने जाड, घोरतो, अंथरूणही ओलं होतं. अशा मुलांमध्ये शस्त्रक्रियेनंतरही अडथळा थोडा उरण्याची शक्यता जास्त असते आणि नंतरची तपासणी टाळून चालत नाही. काहींना रात्री मास्क लावून हवा देणारं यंत्रही लागतं. त्यांच्या मुलाची झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मी त्यांना सांगितलंय, जाताना व्हिडिओ न्या, अंथरूण कोणकोणत्या रात्री ओलं झालं ते कॅलेंडरवर खूण करून न्या, आणि आत गेल्यावर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला सांगा.